उभ्या रुग्णासाठी प्राथमिक मार्गदर्शिका

या मार्गदर्शिकेला आधीचं शिक्षण लागत नाही. "आता ही गोळी कायमची," असं डॉक्टरांनी ज्यांना नुकतंच सांगितलंय, त्यांच्यासाठी ती लिहिली आहे. साहित्य म्हणून एक रेशनकार्ड, एक आधारकार्ड आणि एक जुनाट आजार एवढं पुरे. आजार निवडायची मुभा असेल तर बीपी किंवा शुगर घ्यावी. दोन्ही दुखत नाहीत. गोळी चुकली तरी त्या दिवशी काही बिघडल्यासारखं वाटत नाही, त्यामुळे नवशिक्याला चुकवायचा सराव भरपूर करता येतो.

सरावाचं ठिकाण पाली. रायगडातलं बल्लाळेश्वराचं नव्हे, वांद्र्याच्या पाली हिलशीही संबंध नाही. भाईंदर स्टेशनला पश्चिमेकडे उतरून उत्तन-चौकच्या बाजूची बस धरायची, मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी अशी गावं मागे टाकायची, आणि वलांडीवर वाळणाऱ्या बोंबलांचा वास खिडकीतून आत आला की उतरायची तयारी करायची. कोळ्यांचं आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांचं हे गाव कागदोपत्री मीरा-भाईंदर महानगरपालिकेत, म्हणजे महानगरात आहे. बीपीवाल्यांना डॉक्टर सगळीकडे सांगतात तेच इथेही सांगतात, "खारं कमी करा." सुकी मासळी हेच ज्या गावाचं पोट, त्या गावाला हा सल्ला फुकट मिळतो. पुढे फुकट गोष्टी फारशा येणार नाहीत, म्हणून ही आधीच सांगून टाकली.

धडा पहिला : आडवं व्हायला शिका

आपल्याकडच्या आरोग्य विम्याचं मूळ तत्त्व पाठ करून टाका. विमा आडव्या माणसाला मिळतो. सकाळी उठून कामाला जाणारा, संध्याकाळी मेडिकलच्या काउंटरवर पाकीट उघडणारा, म्हणजे उभा माणूस, विम्याच्या लेखी ठणठणीत असतो.

महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा तिच्या यादीत ९७१ उपचार होते. पुढे २०१७ मध्ये ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. केंद्राची आयुष्मान भारत योजना सप्टेंबर २०१८ मध्ये आली आणि तिच्याशी जोडली गेली. दीड लाखाचं संरक्षण पाच लाखांवर गेलं, उपचार १,३५६ झाले, आणि २०२३ च्या शासन निर्णयाने रेशनकार्डाचा रंग विचारणंही थांबलं. ही वाटचाल वाचताना छाती भरून येते. ती खरोखरीच भरून आली, तर अँजिओप्लास्टी यादीत आहे.

आता त्याच यादीत महिन्याची बीपीची गोळी शोधा. सावकाश शोधा, घाई नाही. सापडायची नाही. डायलिसिस सापडेल. अनेक वर्षं ताब्यात न राहिलेला बीपी आणि शुगर ही मूत्रपिंड निकामी होण्याची दोन मोठी कारणं, हे वैद्यकाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला ठाऊक असतं. म्हणजे मूत्रपिंड जाईपर्यंत सरकार थांबायला तयार आहे आणि गेल्यानंतर पैसे मोजायलाही तयार आहे. अडचण फक्त मधल्या दहा-पंधरा वर्षांची. ती तुमची तुम्ही काढायची.

चाणाक्ष विद्यार्थी इथे हात वर करील आणि म्हणेल की, योजनेत पाठपुराव्याची पॅकेजंही आहेत. आहेत. सुरुवातीलाच १२१ होती, आणि काही ठरावीक शस्त्रक्रियांनंतरची औषधं त्यांत बसतात. पण त्या रांगेत उभं राहण्यासाठी आधी आडवं व्हावं लागतं. तत्त्व मोडलेलं नाही.

खासगी मेडिक्लेमवाल्यांनी हसू नये. पॉलिसीच्या बारीक अक्षरांत 'चोवीस तास दाखल' हे शब्द शोधा. नेहमीच्या पॉलिसीत दाखल होण्याआधीचे तीस दिवस आणि घरी आल्यानंतरचे साठ दिवस औषधांचं बिल मिळतं. एकसष्टाव्या दिवशी रक्त पातळ ठेवणारी गोळी तीच, हृदय तेच, स्टेंटही तिथेच, पण माणूस एव्हाना उभा राहिलेला असतो. शिवाय आजार आधीपासून असेल तर प्रतीक्षाकाळ. तो पूर्वी चार वर्षांपर्यंत लावता येई, एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षं. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला आणि बहुतेक औषधांवरचा १२ वरून ५ टक्क्यांवर आला, ही आनंदाची बातमी. हप्ता स्वस्त झाला. त्यातून गोळी अजून येत नाही.

धडा दुसरा : आपण कोण, हे ठरवा

औषध शरीरात गेल्यावर सगळ्यांवर सारखंच काम करतं. शरीरात जाण्याआधी मात्र ते फार भेदभाव करतं. म्हणून आपला वर्ग नीट ओळखा.

तुम्ही केंद्र सरकारचे निवृत्त कर्मचारी असाल तर ही मार्गदर्शिका मिटवून ठेवा. १९५४ पासून सीजीएचएस ही केंद्राची आरोग्य योजना तुम्हाला उभ्या-उभ्या औषधं देते. शेजाऱ्यांसमोर पिशवी जरा झाकून न्यावी, इतकीच सूचना.

तुम्ही भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या कारखान्यात असाल आणि मालकाने नाव नोंदवलं असेल, तर ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा. १९४८ चा कायदा, आणि त्या काळी कुणालातरी सुचलं होतं की कामगार आजारी असूनही कामावर येतो, तेव्हा त्याला दवाखान्यातूनच गोळ्या द्याव्यात. पगारातून पाऊण टक्का तुमचा, सव्वातीन टक्के मालकाचे. औषधाला वरची मर्यादा नाही. मर्यादा पगाराला आहे, महिना २१,००० रुपये, आणि ती २०१७ पासून तिथेच आहे. त्यापुढे पाचशे रुपये वाढले की चालू सहामाही संपताच तुम्ही सधन झालात. कुटुंबासकट बाहेर. निवृत्तांसाठी एक गुपित सांगून ठेवतो. पाच वर्षं विमेदार राहून निवृत्त झालेल्याला वर्षाला १२० रुपये भरून नवराबायको दोघांसाठी वैद्यकीय सुविधा चालू ठेवता येते. महिन्याला दहा रुपये! हे माहीत असलेला निवृत्त कामगार मला क्वचितच भेटतो, आणि सांगितलं तर तो आधी माझ्याकडे संशयाने बघतो.

तुम्ही आखातात किंवा जहाजावर नोकरीला असाल, आणि या पट्ट्यात अशी घरं बरीच, तर कंपनी आहे तोवर चैन आहे. करार संपवून घरी या. पन्नाशी उलटलेली असेल, शुगर सोबत आलेली असेल, आणि इथली विमा कंपनी तुम्हाला नवीन गिऱ्हाईक म्हणून तपासायला घेईल.

तुम्ही मासेमार असाल तर तुमचाही विमा आहे. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत नोंदणीकृत मच्छीमाराला अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख, अंशतः अपंगत्वाला अडीच लाख, अपघाताने दाखल झाल्यास २५,००० रुपये. हप्ता सरकार भरतं. समुद्राने मारलं तर भरपाई चोख. बीपीने मारायचं ठरवलं तर तो अपघात नव्हे. बोटीवरच्या परप्रांतीय खलाशाचं तर रेशनकार्ड गावी असतं आणि डोकं इथे दुखतं.

मासे विकणाऱ्या बाईला कोणत्या खान्यात टाकावं, हे ठरवायला मला जड जातं. ती कुणाची नोकर नाही, म्हणून ईएसआय नाही. ती बोटीवर जात नाही. ती आडवी पडत नाही, कारण ती पडली तर टोपलीही पडते. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात बीपी-शुगरच्या साध्या गोळ्या राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग कार्यक्रमातून मोफत मिळू शकतात. हा कार्यक्रम २०१० पासून आहे, आणि उभ्या माणसासाठी सरकारने केलेल्या थोडक्या कामांपैकी तो आहे, हे मोकळेपणी मान्य केलं पाहिजे. पण ओपीडी सकाळची. मासळीचा बाजारही सकाळचाच. दोन तासांच्या रांगेत मिळालेल्या फुकट गोळ्यांची किंमत बर्फ वितळण्याच्या वेगाने काढायची असते, आणि ते गणित ती आपल्यापेक्षा जलद करते.

या सगळ्या वर्गवारीवर एकदा नजर टाकायची असेल तर राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची २०१७-१८ ची ७५ वी फेरी बघा. ग्रामीण भागातल्या सुमारे ८६ टक्के आणि शहरी भागातल्या ८१ टक्के लोकांकडे आरोग्यखर्चाचं कोणतंच संरक्षण नव्हतं. त्यानंतर आयुष्मान भारत आली, आकडे बदलले. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार आरोग्यावरच्या एकूण खर्चातला लोकांच्या खिशातला वाटा २०१३-१४ च्या ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ वर आला. कमी झाला, हे खरंच. पण दाखल होण्याचा खर्च विम्याने उचलला, तरी मेडिकलच्या काउंटरवरचा खर्च उचलायला तिथे कुणी नसतं.

धडा तिसरा : किंमत कुठे ठरते

पाकिटावर छापलेली किंमत ही कमाल किंमत असते. नवशिक्या तिला किंमत समजतो.

औषधांच्या किमतींवर नजर ठेवायला १९९७ पासून राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरण आहे. पूर्वी किंमत उत्पादनखर्चावरून ठरे. १९७९ च्या आदेशाखाली ३४७ मूळ औषधं होती, १९८७ मध्ये १४२ उरली, १९९५ मध्ये ७४. मग २०१३ चा आदेश आला आणि हिशेबाची पद्धतच बदलली. आता अत्यावश्यक औषधांच्या यादीतलं औषध घ्यायचं, बाजारात एक टक्का किंवा जास्त वाटा असलेल्या सगळ्या कंपन्यांचे दर घ्यायचे, त्यांची सरासरी काढायची, वर दुकानदाराचे १६ टक्के. गोळी बनवायला किती खर्च आला, हा प्रश्न विचारायचा नाही. वर्गातल्या सगळ्यांनी कॉपी करून ८० गुण मिळवले तर सरासरी ८०च येणार, तसं.

यादीत २०२२ पासून ३८४ औषधं आहेत. यादीबाहेरच्या गोळीला कमाल किंमत नाही, वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढ मात्र नको, एवढी सभ्यता पाळायची. यादीतल्या गोळीला घाऊक महागाई निर्देशांकाइतकी वाढ मिळते. एप्रिल २०२२ मध्ये ती जवळपास ११ टक्के होती, २०२३ मध्ये १२ च्या वर. म्हणजे त्या वर्षांत यादीतली स्वस्त गोळी यादीबाहेरच्या महाग गोळीपेक्षा वेगाने वाढायला मोकळी होती. हे वाचून चक्कर आल्यास बीपी मोजून घ्या.

धडा चौथा : डॉक्टरांसमोर

डॉक्टरांना "जेनेरिक लिहून द्या" असं पहिल्याच भेटीत म्हणू नये. आधी त्यांच्या मुलांची चौकशी करावी.

नियम त्यांच्याही बाजूने नाहीत, आणि विरुद्धही नाहीत. औषधाचं मूळ, म्हणजेच जेनेरिक नाव लिहावं, असं वैद्यकीय परिषदेचे २००२ चे नियम सांगतातच. २ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नवे, कडक नियम काढले. डॉक्टरांच्या संघटना खवळल्या. त्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. सगळ्या कंपन्यांच्या गोळीची गुणवत्ता सारखी राहील याची हमी कोण देणार, हा प्रश्न खरा आहे, आणि अन्न व औषध प्रशासनाकडे निरीक्षक कमी असताना तो जास्तच खरा होतो. २३ ऑगस्टला नियम स्थगित झाले. औषधाचा कोर्सही कधीकधी यापेक्षा लांब असतो.

धडा पाचवा : मेडिकलमध्ये

चिठ्ठीवर कंपनीचं नाव आहे. मेडिकलवाल्याकडे तेच औषध दुसऱ्या कंपनीचं, स्वस्त आहे. तो देईल का? औषध नियमावलीतला नियम ६५ सांगतो की, लिहिलेल्या औषधाच्या जागी दुसरं द्यायचं नाही. डॉक्टर मूळ नाव लिहीत नाहीत, दुकानदार नाव बदलू शकत नाही, आणि ज्याला दोन्हींतलं काही कळत नाही त्या रुग्णाने निवड करायची. बाजारपेठेत ग्राहक हाच राजा, असं म्हणतात ते याच काउंटरवर.

स्वस्त मिळालं, म्हणजे स्वस्तातच मिळालं असंही नव्हे. काही जेनेरिक गोळ्यांच्या पाकिटावर छापलेली किंमत आणि दुकानदाराची खरेदी यांत अनेक पटींचं अंतर असतं. "तुमच्यासाठी वीस टक्के कमी," म्हणून तो हसतो, तेव्हा तुम्हीही हसून घ्या. त्याचं हसणं थोडं जास्त मनापासूनचं असतं.

सुट्या गोळ्या मागायला लाजू नका. पंधराच्या पाकिटातून कापून दिलेल्या सहा गोळ्यांवर नाव इकडे राहतं आणि मुदत तिकडे जाते. अर्ध्या घरांत डब्यात असे अनाथ तुकडे असतात. कोणता तुकडा सकाळचा आणि कोणता रात्रीचा, हे रंगावरून ओळखायची सवय लावा. पुढच्या महिन्यात दुसरी कंपनी आली की रंग बदलेल.

जनऔषधी केंद्र हा खरा उपाय आहे, त्याची टिंगल मी करणार नाही. २००८ मध्ये अमृतसरच्या सरकारी रुग्णालयात पहिलं केंद्र निघालं, कित्येक वर्षं योजना रखडली, २०१५ नंतर वेगाने वाढली, आणि जानेवारी २०२५ पर्यंत देशभर १५,००० केंद्रं झाली. ५० ते ९० टक्के स्वस्त, असा सरकारचा दावा. रोजच्या गोळ्यांच्या बाबतीत तो पटण्यासारखा आहे. फक्त तिथे मूळ नावाने मागावं लागतं. "ती पिवळी, हृदयाच्या आकाराची," असं सांगून चालत नाही. आणि चारपैकी तीन गोळ्या मिळाल्या की चौथीसाठी पुन्हा जुन्या मेडिकलमध्ये जावं लागतं, जिथे मालक विचारतो, "बाकीच्या कुठून घेतल्या?"

धडा सहावा : धीर धरा

महागड्या गोळीवर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे कॅलेंडर. एम्पाग्लिफ्लोझिन ही शुगरची गोळी साठेक रुपयांना एक मिळायची. ११ मार्च २०२५ रोजी पेटंट संपलं, आणि त्याच आठवड्यात साडेपाच रुपयांपासून पुढे मिळू लागली. गोळीत काही बदल झाला नव्हता. विल्डाग्लिप्टिनचं २०१९ च्या शेवटी हेच झालं, सिटाग्लिप्टिनचं २०२२ मध्ये. आजार निवडताना त्याच्या औषधाचं पेटंट कधी संपतं ते आधी बघावं.

धीर नसेल तर खटला. मुंबईच्या पेटंट कार्यालयाने मार्च २०१२ मध्ये देशातला पहिला सक्तीचा परवाना दिला. यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरचं बायरचं नेक्सावर महिन्याला २ लाख ८० हजारांना होतं, हैदराबादच्या नॅटकोला ते ८,८८० रुपयांत विकायची परवानगी मिळाली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. लोकांना परवडत नाही, हे कारण कायद्यात बसतं, हे त्या दिवशी सिद्ध झालं. हा पहिला परवाना अजून एकटाच आहे.

धडा सातवा : बंदीचे एकसष्ट दिवस

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, जाळी शिवायला काढलेली. हाच काळ गोळ्यांच्या बचतीचा. पद्धत अशी: आधी रोजची गोळी एकाआड एक करा. मग अर्धी करा. सुरीने नीट अर्धी होत नाही, म्हणून मोठा तुकडा कामावर जाणाऱ्याला, भुगा आजीला. दीर्घ परिणामाच्या गोळ्या तोडू नयेत, त्यांचं वेष्टन फुटतं आणि औषध एकदम सुटतं, हे डॉक्टर सांगतात. पण कोणती गोळी तशी आहे हे पाकिटावर जिथे लिहिलेलं असतं, तो भाग मेडिकलवाल्याकडे राहिलेला असतो.

घरातल्या गोळ्यांची उतरंड कुणी लिहून ठेवलेली नसते, तरी ती सगळ्यांना पाठ असते. बोटीवर जाणारा, मग शिकणारं पोर, मग म्हातारा. घरातली बाई शेवटी, कारण "मला काही होत नाही." सत्तरीनंतर मात्र तिचं नशीब उघडतं. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर ओलांडलेल्या प्रत्येकाला उत्पन्न न विचारता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, पाच लाखांचं. अट माहीतच आहे. झोपावं लागतं.

भाईंदर पश्चिमेला पंडित भीमसेन जोशी रुग्णालय आहे. महापालिकेने बांधलं, पुढे राज्याकडे गेलं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून औषधापर्यंत सगळं मोफत, असा निर्णय आहे. कुठल्याही सरकारी रुग्णालयात जाताना तो मनात ठेवा, आणि "बाहेरून आणा" अशी चिठ्ठी हातात आली तर तीही खिशात नीट ठेवा. राज्याची औषधखरेदी २०१७ मध्ये हाफकिन महामंडळाकडे दिली गेली, २०२३ मध्ये तिच्यासाठी वेगळं प्राधिकरण करणारा कायदा झाला. तामिळनाडूने असं महामंडळ १९९४ मध्येच काढलं होतं आणि तिथल्या सरकारी दवाखान्यात उभा माणूस गोळ्या घेऊन घरी जातो, ही माहिती अभ्यासक्रमाबाहेरची आहे. इंग्लंडमध्ये साठीनंतर चिठ्ठीवरची औषधं फुकट असतात, हीसुद्धा. परीक्षेत विचारणार नाहीत.

सरावासाठी उदाहरणं

१. भाईंदरच्या एका कामगाराचा पगार २०,९०० रुपये आहे. बायकोला दोन आणि आईला चार गोळ्या रोज लागतात. मालकाने २०० रुपये वाढ देऊ केली. कामगाराने आभार मानावेत की हात जोडावेत?

२. एका घरात तिघांना बीपी आणि दोघांना शुगर आहे. पैसे चौघांच्या गोळ्यांपुरते आहेत. त्यांतल्या एकाने "मला बरं वाटतंय" असं म्हणावं, यासाठी इतर चौघांनी काय करावं?

३. एका बाईच्या महिन्याच्या गोळ्या नेहमीच्या मेडिकलमध्ये ९०० रुपयांना आणि जनऔषधी केंद्रात ३०० रुपयांना पडतात. केंद्र भाईंदरला आहे. तिथे जाण्यात सकाळचा बाजार बुडतो. तिची नक्की बचत काढा. बसभाडं दोन्ही वेळचं धरा, आणि एक गोळी शिल्लक नसल्याने माराव्या लागलेल्या दुसऱ्या फेरीचंही.